व्यंकोजीराजे भोसले : रणांगणातून तहाकडे आलेला तंजावरचा पहिला मराठी राजा

तंजावर : कावेरीच्या सुपीक खोऱ्यात सुमारे १८० वर्षे नांदलेल्या मराठी राज्याचे संस्थापक म्हणून व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे भोसले यांचे नाव घेतले जाते. शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू ही त्यांची महाराष्ट्रातील ओळख आहे. विजापूर दरबाराचे लढाऊ सरदार म्हणून त्यांची कारकीर्द सुरू झाली. दुसऱ्याच्या वतीने जिंकलेले राज्य त्यांनी स्वतःसाठी घेतले, वडीलभावाशी युद्ध केले आणि त्यात त्यांचा पराभव झाला. त्यानंतर झालेल्या तहाने मात्र त्यांचे राज्य राखले. तलवारीने मिळवलेले तंजावर त्यांच्या वंशाकडे टिकले ते या तहामुळे, हे त्यांच्या चरित्राचे सार आहे.

बंगळूरची जहागीर आणि विजापूरची चाकरी

व्यंकोजी हे शहाजीराजे व तुकाबाई (मोहिते घराणे) यांचे पुत्र. विजापूरचे सेनापती रणदुल्लाखान यांच्यासोबत शहाजीराजांनी १६३८ मध्ये केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि पुढे तो परगणा त्यांच्या जहागिरीत आला. पुण्याची जहागीर जिजाबाई व शिवाजीराजांकडे, तर कर्नाटकातील जहागीर शहाजीराजांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, अशी घराण्याची विभागणी झाली. व्यंकोजी कर्नाटकात, वडिलांच्या सहवासात वाढले. दक्षिणी राजकारण, कानडी-तेलुगू पाळेगारांशी व्यवहार आणि विजापूरच्या फौजेची शिस्त या तिन्हींचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

२३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचे निधन झाले. कर्नाटकातील जहागीर, फौज, जडजवाहीर आणि कारभारी मंडळ हे सर्व व्यंकोजींच्या ताब्यात राहिले. शिवाजी महाराज तेव्हा विजापूरशी उघड वैर करून स्वराज्य उभारत होते. व्यंकोजी मात्र विजापूरचे निष्ठावंत सरदार होते. डिसेंबर १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंगाने विजापूरवर स्वारी केली. पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराज मोगल फौजेत होते आणि समोरच्या विजापुरी सैन्यात व्यंकोजी होते. एकाच पित्याचे दोन पुत्र परक्या निशाणांखाली परस्परांविरुद्ध उभे ठाकल्याचा हा प्रसंग पुढील संघर्षाची पूर्वसूचना ठरला.

तंजावर कसे हाती आले

सतराव्या शतकात तंजावरवर नायक घराण्याचे राज्य होते. मदुरेचे चोक्कनाथ नायक यांनी तंजावरच्या राजकन्येला मागणी घातली आणि ती नाकारली गेल्याने युद्ध पेटले. १६७३ मध्ये तंजावरचे विजयराघव नायक लढताना मारले गेले. चोक्कनाथांनी आपला दूधभाऊ अळगिरी याला तंजावरच्या गादीवर बसवले. परंतु थोड्याच काळात अळगिरी स्वतंत्रपणे वागू लागला.

विजयराघवांच्या वंशातील चेंगमलदास हा बालक संहारातून वाचला होता व नागपट्टणम येथे गुप्तपणे वाढत होता. तंजावर दरबारातील जुना कारभारी रायसम वेंकण्णा याने या मुलाचा पक्ष घेऊन विजापूरकडे मदत मागितली. विजापूर दरबाराने ही कामगिरी व्यंकोजींवर सोपवली. अय्यमपेट्टैजवळ अळगिरीचा पराभव करून व्यंकोजींनी चेंगमलदासला गादीवर बसवले.

ठरलेले काम येथे संपले होते. परंतु नव्या राजाच्या दरबारात अपेक्षित पद न मिळाल्याने वेंकण्णा नाराज झाला आणि त्यानेच व्यंकोजींना राज्य घेण्यास प्रवृत्त केले, असे दक्षिणेतील वृत्तांत सांगतात. विजापूरच्या तख्तावर तेव्हा अल्पवयीन सिकंदर आदिलशहा होता आणि दरबार गटबाजीने पोखरलेला होता. जाब विचारणारा कोणी समर्थ धनी उरला नव्हता. १६७५ची अखेर ते १६७६चा आरंभ या काळात व्यंकोजींनी तंजावर स्वतःच्या ताब्यात घेतले. चेंगमलदास राज्य सोडून निघून गेला.

ज्याच्या रक्षणासाठी फौज नेली त्याचेच राज्य घेण्याचे हे कृत्य समकालीन राजकारणात अपवादात्मक नव्हते. तथापि त्यामुळे नव्या सत्तेला वैधतेचा आधार नव्हता. तंजावरचे जुने राजघराणे, मदुरेचे नायक, म्हैसूरचे वडियार आणि विजापूरचेच दक्षिणेतील इतर सरदार यांपैकी कोणालाही व्यंकोजी तेथे असणे मान्य नव्हते.

आरंभीच्या कारभाराबद्दल मात्र अनुकूल साक्ष मिळते. जेझुइट पाद्री आंद्रे फ्रेरी यांच्या १६७६च्या पत्रात, व्यंकोजींनी न्यायाने वागून आधीच्या राजवटीच्या जखमा भरण्यास सुरुवात केली आणि कालवे व तलाव दुरुस्त करून अनेक वर्षे पडीक असलेली शेते लागवडीखाली आणली, अशा आशयाची नोंद आहे. कावेरीच्या खोऱ्यात पाटबंधारे राखणारा तोच राजा, ही तेथील रयतेची जुनी कसोटी होती.

तिरुमलवाडीची भेट

जून १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयाची मोहीम आखली. १६७७च्या पूर्वार्धात गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी मैत्रीचा करार करून ते कर्नाटकात उतरले. जिंजीचा बळकट किल्ला हाती आला, वेल्लोरला वेढा पडला आणि विजापूरचा सरदार शेरखान लोदी पराभूत झाला. जुलैमध्ये महाराजांचा तळ तंजावरच्या उत्तरेस, कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे, तिरुमलवाडी येथे पडला.

या मोहिमेत रघुनाथपंत हणमंते यांचा वाटा मोठा होता. त्यांचे वडील नारोपंत शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभारात होते आणि रघुनाथपंतांनीही व्यंकोजींकडे कारभार केला होता. धन्याशी न पटल्याने ते बाहेर पडले आणि शिवाजी महाराजांना येऊन मिळाले. व्यंकोजींच्या राज्याची बलस्थाने आणि दुबळेपणा दोन्ही त्यांना आतून ठाऊक होते.

महाराजांनी अभय देऊन व्यंकोजींना भेटीस बोलावले. दोघे बंधू काही दिवस एकत्र राहिले. मग महाराजांनी वडिलांच्या मिळकतीतील अर्ध्या वाट्याची मागणी मांडली. तेरा वर्षे सगळी दौलत एकट्याने उपभोगली, आता वाटणी व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. व्यंकोजींची बाजू वेगळी होती. शिवाजी महाराजांनी विजापूरशी बंड करून वडिलांना अडचणीत आणले, आपण मात्र चाकरी करून जहागीर राखली, शिवाय तंजावर ही वडिलार्जित मिळकत नसून स्वतःची कमाई आहे, असे ते मानत.

उघड नकार देणे धोक्याचे होते आणि होकार देण्याची इच्छा नव्हती. अखेर एका रात्री मोजक्या साथीदारांसह व्यंकोजी छावणीतून निसटले आणि नदी पार करून तंजावरला पोहोचले. महाराजांनी त्यांच्या कारभाऱ्यांना प्रथम अटकेत घेतले, पण नंतर सन्मानाने परत पाठवले. तंजावरवर चालून जाणे त्यांनी टाळले. कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख मात्र त्यांनी ताब्यात घेतला आणि नव्या प्रांताची व्यवस्था लावून ते माघारी वळले. रघुनाथपंत आणि शहाजीराजांचे आणखी एक पुत्र संताजी भोसले यांना त्यांनी दक्षिणेत ठेवले.

नोव्हेंबर १६७७ची लढाई

शिवाजी महाराज दूर गेल्याचे पाहून व्यंकोजींनी गेलेला मुलूख परत मिळवण्याचे ठरवले. १६ नोव्हेंबर १६७७ रोजी त्यांनी संताजींच्या फौजेवर हल्ला केला. दोन्ही बाजूंना घोडदळ व पायदळ मिळून प्रत्येकी बारा-चौदा हजारांची फौज असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. दिवसभराच्या लढाईत व्यंकोजींची सरशी झाली आणि संताजींना मागे हटावे लागले. विजयाच्या समाधानात तंजावरची फौज विसावली. रात्री संताजींनी विखुरलेले सैन्य गोळा करून बेसावध छावणीवर छापा घातला. दिवसाचा विजय रात्री पराभवात बदलला. व्यंकोजींचे अनेक सरदार पकडले गेले आणि ते स्वतः तंजावरकडे परतले.

या बातमीनंतर शिवाजी महाराजांनी व्यंकोजींना दीर्घ पत्र लिहिले. त्यात वाटणीचा सारा इतिहास, तिरुमलवाडीतील वर्तनाबद्दलची नाराजी आणि दुर्योधनाचा दाखला देऊन केलेली कानउघाडणी आहे. त्याच पत्रात पुढचा प्रस्तावही आहे. तंजावरसह दक्षिणेतील ठाणी आमच्या लोकांच्या हवाली करावीत आणि बदल्यात पन्हाळ्याच्या बाजूस तीन लाख होनांचा मुलूख घ्यावा किंवा तेवढीच दौलत कुतुबशहाकडून घ्यावी, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे पहिल्या अटींनुसार व्यंकोजींना तंजावर सोडावे लागणार होते.

दीपाबाई आणि रघुनाथपंत

येथून या प्रकरणातील निर्णायक भाग सुरू होतो. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई (इंगळे घराणे) यांनी पतीला समेटाचा सल्ला दिला, ही परंपरा मराठी बखरींनी आणि पुढील इतिहासकारांनी जपली आहे. वडीलभावाशी वैर वाढवण्यात राज्याचा नाश आहे आणि दुरावलेल्या रघुनाथपंतांनाच मध्यस्थ म्हणून बोलवावे, असा त्यांचा आग्रह होता.

व्यंकोजींच्या दृष्टीने हा सल्ला कडू होता. ज्या कारभाऱ्याला त्यांनी गमावले आणि ज्याच्या सल्ल्याने आपल्यावर फौज चालून आली असे ते मानत, त्याच्याशीच बोलणी करायची होती. तरीही त्यांनी ते मान्य केले. रणांगणातील सरदाराचे मुत्सद्द्यात रूपांतर झाले ते या क्षणी, असे म्हणता येईल. विजयाची शक्यता संपली असताना मान सोडून शरण न जाता आणि हट्ट धरून राज्य न बुडवता, त्यांनी बोलणीची वाट घेतली.

मध्यस्थ म्हणून रघुनाथपंतांची निवड योग्य होती. त्यांना दोन्ही बंधूंचा स्वभाव ठाऊक होता, दोन्ही दरबारांतील माणसे परिचयाची होती आणि शहाजीराजांच्या काळातील कागद व करार त्यांच्या नजरेखालून गेले होते. तंजावर व्यंकोजींकडे राहिले तरी दक्षिणेत स्वराज्याचा मित्रच उभा राहील, हे त्यांना दिसत होते. जिंजी व वेल्लोर यांच्या पाठीशी वैरी नसणे, हा महाराजांचाही फायदा होता.

तहाची कलमे

उत्तरकालीन बखरींत हा तह १९ कलमांचा असल्याचे सांगितले आहे. त्यातील तपशिलांविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी तडजोडीचा मुख्य आशय स्पष्ट आहे.

तंजावर व्यंकोजींकडे वंशपरंपरेने राहावे, हे त्यातील मध्यवर्ती कलम होते. पहिल्या प्रस्तावाच्या तुलनेत ही शिवाजी महाराजांनी दिलेली मोठी सवलत होती. बंगळूर, होसकोटे व आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी, म्हणजे त्यांच्या खासगी खर्चासाठी देण्यात आला. व्यवस्था पतीने पाहिली तरी मालकी दीपाबाईंची व पुढे कन्यांची राहावी, असे त्यात म्हटले आहे. भावाचा मान राखत आणि वाटणीचा वाद मागे टाकत वादातील मुलूख भावजयीच्या नावे करण्याची ही युक्ती होती. दिलेले दान म्हणून ते स्वीकारता येत होते. हरलेला वाटा म्हणून ते सोसावे लागत नव्हते.

विजापूरच्या चाकरीसाठी पाच हजार घोडदळाची जी जबाबदारी जहागिरीवर होती, तिच्यात व्यंकोजींनी स्वतः हजर राहण्याची सक्ती उरली नाही. महाराष्ट्रातील हिंगणी, बेरडी, देऊळगाव येथील वडिलार्जित वतने शिवाजी महाराजांकडे राहावीत, असे ठरले. एका राज्यातील माणसे दुसऱ्या राज्यात गेल्यास सामोपचाराने परत पाठवावीत, चोर व उपद्रवी लोकांना थारा देऊ नये, अशीही कलमे आहेत. सीमेवरच्या रोजच्या कटकटींतून नवे युद्ध पेटू नये, याची ही तजवीज होती. रघुनाथपंतांनाही या सेवेबद्दल इनाम देण्यात आले.

खिन्नता आणि भावाचे पत्र

तह झाल्यानंतर व्यंकोजींचे मन राज्यकारभारातून उडाले. खाण्यापिण्याकडे व फौजेकडे दुर्लक्ष करून ते विरक्तासारखे राहू लागल्याचे रघुनाथपंतांनी महाराजांना कळवले. त्यावर महाराजांनी लिहिलेले पत्र मराठी पत्रवाङ्मयात प्रसिद्ध आहे. आपण वडीलभाऊ म्हणून पाठीशी असताना निराश होण्याचे कारण नाही, उमेदीचा काळ वैराग्यात घालवू नये, रिकाम्या बसलेल्या फौजेला काम द्यावे आणि रघुनाथपंतांच्या सल्ल्याने पराक्रम करावा, असा त्याचा आशय आहे. नोव्हेंबर १६७७ नंतरच्या पत्रातील कठोर स्वर येथे नाही. ज्या भावाने राज्य मागितले होते, तोच आता ते नीट चालवण्याचा आग्रह करत होता. तह केवळ कागदावर राहिला नव्हता, याचा हा पुरावा मानता येईल.

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले. व्यंकोजी त्यानंतर काही वर्षे तंजावरचा कारभार पाहत होते.

रयतेची बाजू

व्यंकोजींच्या अखेरच्या वर्षांचे चित्र सर्वस्वी उजळ नाही. जॉन द ब्रिटो या जेझुइट पाद्र्याच्या १६८३च्या पत्रात तंजावरच्या करपद्धतीवर कडक टीका आहे. पिकाचा चार-पंचमांश वाटा सरकार घेते, तोही धान्यात न घेता रोख मागते आणि भाव स्वतः चढे ठरवते; त्यामुळे सगळे पीक विकूनही सारा फिटत नाही, असे तो लिहितो. ब्रिटो हा धर्मप्रसारक होता आणि स्थानिक सत्तांशी त्याचे संबंध तणावाचे होते, हे लक्षात घेऊनही ही नोंद दुर्लक्षिता येत नाही. १६७६च्या पत्रातील कालवे दुरुस्त करणारा राजा आणि १६८३च्या पत्रातील करवसुली करणारी राजवट यांच्यामध्ये युद्धे, खंडण्या आणि फौजेचा खर्च उभा होता. राजांमधील शांततेची किंमत अनेकदा शेतकऱ्याने भरली, हे तंजावरच्या बाबतीतही खरे आहे.

तहाचे फळ

१६८४च्या सुमारास व्यंकोजींच्या पश्चात त्यांचे ज्येष्ठ पुत्र शहाजी गादीवर आले. तहाने दिलेले सर्व काही टिकले नाही. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांनी जिंकले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. दीपाबाईंच्या चोळीबांगडीचा मुलूख अशा रीतीने भोसल्यांच्या हातून निसटला.

तंजावर मात्र टिकले, आणि दहा-बारा वर्षांतच या समेटाचे मोल संपूर्ण मराठी राज्याला कळले. संभाजी महाराजांच्या वधानंतर छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले आणि मोगलांनी १६९० ते १६९८ असा दीर्घ वेढा घातला. या काळात तंजावरच्या शहाजीराजांनी जिंजीला रसद व द्रव्याची मदत केली. १६७७ मध्ये परस्परांवर छापे घालणारी दोन घराणी वीस वर्षांच्या आत एकाच संकटात एकमेकांच्या उपयोगी पडली. तिरुमलवाडीचा दुरावा तसाच राहिला असता, तर जिंजीच्या दक्षिणेस मित्राऐवजी वैरी असता.

व्यंकोजींचे तिन्ही पुत्र शहाजी, सरफोजी व तुकोजी क्रमाने राजे झाले. शहाजीराजांनी १६९३ मध्ये तिरुविशैनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना देऊन त्याचे नाव शाहजीराजपुरम ठेवले. तेलुगू, संस्कृत, तमिळ व मराठी या भाषांना तंजावर दरबारात आश्रय मिळाला आणि मराठी नाटकाच्या आरंभीच्या लेखनापैकी महत्त्वाचा भाग याच दरबारात झाला. पुढे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी कोरून घेतलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख आजही पाहता येतो. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी यांच्या निधनानंतर ईस्ट इंडिया कंपनीने हे राज्य खालसा केले.

तमिळनाडूत आजही तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत आणि तंजावरच्या मोडी कागदपत्रांचे वाचन व संपादन सुरू आहे. या साऱ्याचा उगम व्यंकोजींच्या १६७५-७६ मधील विजयात शोधला जातो. तो विजय वर्ष-दोन वर्षांतच धोक्यात आला होता. पत्नीचा सल्ला, दुरावलेल्या कारभाऱ्याची मध्यस्थी आणि विजयी भावाने दाखवलेला संयम या तिन्हींचा स्वीकार करण्याची तयारी व्यंकोजींनी दाखवली, म्हणून तंजावरचे मराठी राज्य पुढे पावणेदोनशे वर्षे चालले.